हात तुमचे गेले नव्हते, भाऊजी

भाऊजी,

काल तुमची तेरवी झाली आणि तिथे माझं फार कौतुक झालं.

पंगत बसायची होती. मी पत्रावळी मांडून राहिलो होतो, तेवढ्यात तुमच्या पल्लवीनं सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि म्हणाली, "मामा, पापा की आंखें तो आप ही थे. शेवटी तुम्ही नसता ना, तर पापा कमरे के बाहर ही नहीं आते." बेंगळुरूला राहून पोरीचं मराठी होतं तेवढंही आटलं आहे, तरी मधले चार शब्द तिनं ठरवून मराठीत म्हटले, म्हणजे मनापासूनच म्हटलं असणार. तुमचे फॅक्टरीतले जुने सोबती मान डोलवायला लागले. कोणी म्हणालं, सख्खा भाऊ करत नाही इतकं या साळ्यानं केलं. दुसरा कोणी म्हणाला, "दसऱ्याला हात गेले म्हणाले तेव्हाच आम्ही समजलो, आता हा माणूस मनानं खचला." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, माणूस विनयशील आहे. मग मी पानावर बसलो, तुमच्या नावाचे वडे खाल्ले आणि खीरही दुसऱ्यांदा मागून घेतली. लाजेनं माणसाची भूक मरते म्हणतात. ते खोटं आहे, हे मी स्वतःवरून सांगतो.

त्या पंगतीत एक गोष्ट फक्त मलाच माहीत आहे, असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं. ती तुमच्यापाशी कबूल करायला माझ्याजवळ दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे सगळे रविवार होते. दर रविवारी मी तुमच्यासमोर बसायचो, चहा प्यायचो, पेपर वाचून दाखवायचो आणि घरी निघून यायचो.

तुमचं धनुष्य मी पहिल्यांदा पाहिलं ते ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला. मदन महलच्या टेकडीखालच्या मैदानात आपल्या इकडची, वर्धा-नागपूरकडून आलेली पाच-सात घरं जमायची. सोनं लुटायच्या आधी केळीचा एक खांब रोवायचा आणि प्रत्येक घरानं त्यावर एक-दोन बाण सोडायचे. तुमच्या वडिलांनी नियम घालून दिला होता की बाण घरी केलेला हवा आणि पीस त्याच वर्षीचं हवं. मी तेव्हा रेल्वेत नवीन लागलो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. मी विचारलं, "ही पिसं शोभेला लावता काय?"

तुम्ही एका बाणाची तिन्ही पिसं उपटली, बाण माझ्या हातात दिला आणि म्हणालात, "सोड." मी सोडला. तो हवेतच आडवा झाला आणि जमिनीवर पटकन पाट आपटावा तसा आपटला. मग तुम्ही पिसांचा बाण दिला. तो माझ्यासारख्या अडाण्याच्या हातूनही खांबात जाऊन रुतला. "समजलं? हे दाढीमिशा नाहीत त्याच्या. हे नसलं तर बाणाला रस्ता सापडत नाही."

त्या दिवसापासून मी तुमच्या मागे लागलो. दिवसभर फॅक्टरीत तोफेचे सुटे भाग तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सरकंड्याच्या सरळ काडीला पिसं बांधायची, असा तुमचा संसार. मी चिडवायचो, "भाऊजी, तुमची गाडी उलटी चालून राहिली. माणसं बाणाकडून तोफेकडे गेली, तुम्ही तोफेकडून बाणाकडे." तुम्ही म्हणायचात, "तोफ सरकारची आहे. बाण माझा आहे."

पावसाळा सरत आला की आपण फॅक्टरीच्या इस्टेटमागच्या रानात जायचो. मोर पिसारा गाळतो, तेव्हा पंखातली पिसंही गाळतो, हे मला तुमच्याकडूनच कळलं. बाकी लोक डोळ्याची पिसं वेचायचे. तुम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. "ती फुलदाणीत ठेवायला. पाखरू उडतं ते पंखावर, पिसाऱ्यावर नाही." विटकरी रंगाचं, ताठ कण्याचं पीस सापडलं की तुम्ही ते उन्हाकडे धरायचात. कुठे किड्यानं खाल्लंय का, मधे फट आहे का, ते पाहायचात. फट असली तर बोटांच्या चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे ओढायचात. पीस सांधलं गेलं तर पिशवीत, नाही तर परत गवतात.

घरी आल्यावर कोमट पाण्यात धुणं, सावलीत सुकवणं, आणि मग ती तुमची जीव काढणारी निवड. पीस पाठ वर करून ठेवायचं, बुड आपल्याकडे, टोक समोर. कण्याच्या एका अंगाला पीस रुंद असतं, दुसऱ्या अंगाला चिंचोळं. रुंद अंग उजवीकडे आलं तर उजव्या पंखाचं, डावीकडे आलं तर डाव्या. दोन्ही पंखांच्या पिसांना वळण असतं, पण एकमेकांच्या उलट. एका बाणाला तीन पिसं, आणि तिन्ही एकाच पंखाची. मग बाण एका अंगानं गरगरत सरळ जातो. त्यात एक जरी दुसऱ्या पंखाचं शिरलं तर दोघं एकीकडे ओढतात, तिसरं आडवं येतं आणि बाण झिंगल्यासारखा जातो. "घरात दोघं एक बोलून राहिले आणि तिसरा भलतंच, तर घर चालतं का?" असं तुम्ही म्हणायचात आणि ताईकडे पाहायचात.

एवढं पाहूनही तुमचं समाधान व्हायचं नाही. शेवटी प्रत्येक पीस तुम्ही मिशीखालून, वरच्या ओठावरून हळूच फिरवायचात. वळण ओठाला जितकं कळतं तितकं डोळ्याला कळत नाही, असं तुमचं म्हणणं. ताई आतून विचारायची, "झाले का मुके घेऊन? वरण निवून राहिलं." तिन्ही पिसांत एक वेगळ्या रंगाचं लावायचं, म्हणजे बाण दोरीला कोणत्या बाजूनं लावायचा ते पटकन कळतं. त्या पिसाला तुम्ही नवरदेव म्हणायचात आणि बाकीच्या दोघांना करवल्या. नवरदेवासाठी पीस मात्र लांडोरीचं वापरायचात. त्यावरून ताईनं तुम्हाला किती वर्षं पिडलं, त्याला गणती नाही.

आपलं भांडण व्हायचं ते पडलेल्या पिसांवरून. माझं म्हणणं होतं, पाखरानं टाकलेलं पीस म्हणजे झिजलेलं, जुनं. गोहलपूरला एक कोंबडीवाला टर्की पाळतो, त्याच्याकडे ताजी, रुंद, एकसारखी पिसं पोतंभर मिळतात. ती काहून नको? तुम्ही म्हणायचात, "टाकलेलं पीस पाखरानं उडून पाहिलेलं असतं." मी म्हणायचो, "म्हणजे सेकंडहँड." तुम्ही म्हणायचात, "तुझी ताई माझ्या घरी आली तेव्हा तूही फुकटच आला होता, तुला काही मी ताजा म्हणून घेतला नाही." या वादाचा निकाल लागला नाही. मला अजूनही वाटतं की टर्कीचं पीस चांगलं. आता हे कोणाला म्हणू?

आणि ते झाडूचं प्रकरण. एका दसऱ्याला मी तुम्हाला न सांगता टर्कीच्या पिसांचा बाण करून आणला. पिसं लांबच लांब ठेवली, कापली नाहीत, कारण मला ती दिमाखदार वाटली. तुम्ही तो बाण हातात घेतलात, फिरवून पाहिलात आणि सगळ्या घरांसमोर म्हणालात, "दिनकर, याला बाण नाही म्हणत. याला झाडू म्हणतात." सगळे हसले. माझी बायको पण हसली. मी तसाच घरी आलो आणि तुमच्या घराची पायरी पुढच्या दसऱ्यापर्यंत चढलो नाही. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही, पल्लवीच्या वाढदिवसालाही नाही. ताई दोनदा येऊन रडून गेली. माझं नाक असंच आहे, कोणी बोट लावलं की सूज येते. शेवटी तुम्हीच आलात, दारात उभे राहून म्हणालात, "चलो, पिसं वेचायची आहेत. माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही." त्यानंतर तुम्ही मला चारचौघांत कधी चुकीचं ठरवलं नाही. मला वाटलं, माझा हात बसला.

मग तुमच्या साखरेनं तुमचे डोळे धरले. पडद्याला सूज, मग इंजेक्शनं, मग नुसती धूसर उजेडाची खिडकी. बोटांची टोकंही बधिर झाली. सुई टोचली तर रक्त दिसायचं आणि तुम्हाला मात्र पत्ता नसायचा. तरी तुम्ही बाण सोडले नाहीत. धाग्याचं टोक दातांत धरायचात, नखानं चाचपायचात आणि पीस बांधायचात. निवडणं मात्र झटपट होईना. ते मी घेतलं. मीच म्हणालो, "द्या माझ्याकडे, मी आहे ना." तुम्ही चपटा डबा डाव्यासाठी दिला आणि गोल डबा उजव्यासाठी. मी घरून पिसं निवडून, कणा चिरून, घासून, कापून आणायचो आणि रविवारी सकाळी डबे तुमच्यासमोर ठेवायचो.

त्या दिवसांत एक बदल मी पाहिला आणि त्याचा अर्थ लावला नाही. तुम्ही पीस ओठावरून फिरवणं बंद केलंत. मला वाटलं, थकले असतील. आता कळतं की डबा माझ्या हातचा होता, म्हणून.

आणि माझा हात काय करत होता ते सांगतो. गेल्या वर्षीची पिसं मी टीव्हीवर मॅच पाहत निवडली. समोर पेपर पसरला, त्यावर पिसं ओतली आणि पटापट डावं-उजवं करत गेलो. पीस पाठ वर करून ठेवायचं असतं. माझी काही पालथी पडली, काही उताणी, आणि मी उलटून पाहिलं नाही. पोट वर असलं की कण्यावर बारीक खाच दिसते, तुम्ही शंभरदा दाखवली होती. उताणं पीस ठेवलं की डाव्याचं उजवं दिसतं. एकदा चिरून, कापून झालं की चिंचोळं अंग निघून जातं आणि दोन्ही पंखांची सुटी पिसं वरवर सारखीच दिसतात. मी दोन्ही डबे भरले, झाकणं लावली आणि रविवारी ऐटीत तुमच्यासमोर ठेवले. तुम्ही म्हणालात, "वा. आता माझं काम सोपं झालं."

दसरा आला. तुम्हाला केळीचा खांब म्हणजे एक हिरवा डाग दिसायचा. तेवढा पुरे म्हणायचात. वडील माणूस म्हणून पहिला मान तुमचा. मी तुमच्या मागे उभा राहिलो, खांदा सरळ केला. एरवी तुमचा बाण सुटला की एकच सुस्कारा ऐकू यायचा आणि मग खांबात खच्च. त्या दिवशी बाण फडफडत गेला, कबुतर उडावं तसा, आणि खांबाच्या बराच अलीकडे गवतात पडला. दुसरा सोडलात, त्याचंही तेच. मग कोणीतरी दयेनं म्हणालं, "आज वारा आहे, काका."

तुम्ही धनुष्य खाली ठेवलंत आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "वारा नाही, बापा. माझे हात गेले आता."

मी बाण वेचायला गेलो. गुडघ्याएवढ्या गवतात वाकलो, पहिला बाण उचलला आणि पिसांची वळणं पाहताक्षणी कळलं. नवरदेव एका पंखाचा आणि करवल्या दुसऱ्या पंखाच्या. दुसरा बाण पाहिला, त्यातही एक पीस उलटं. बांधणी मात्र अशी की धाग्याचा एक फेरा दुसऱ्यावर चढला नव्हता. डोळ्यांवाल्याला जमणार नाही अशी. हात तुमचे गेले नव्हते, भाऊजी. माझी निवड चुकली होती.

तेव्हाच उठून ओरडलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या, लोक हसले असते, आपण घरी जाऊन जेवलो असतो. मी काय केलं? मी गवतात उकिडवा बसलो आणि दोन्ही बाणांची पिसं ओरबाडून काढली. धाग्यासकट. खिशात कोंबली. कोणी जवळ येऊन पाहिलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मागून तुमचा आवाज आला, "थांबा रे जरा, कोणी पुढे जाऊ नका. दिनकर बाण वेचून राहिला. त्याला निवांत वेचू द्या." मी मनात म्हटलं, देवच पावला.

त्यानंतर तुम्ही बाणांचं नाव काढलं नाही. सरस उकळायचं भांडं ताईनं घासून माळ्यावर टाकलं. मी येत राहिलो. एकदा हिय्या करून म्हणालो, "भाऊजी, तो सरकंडा ओला होता बहुतेक." तुम्ही म्हणालात, "असेल." दुसऱ्यांदा म्हणालो, "पिसं पण जरा..." आणि थांबलो. तुम्ही पुढचं ऐकायला थांबलात की नाही, ते मला आठवत नाही. मी लगेच पेपर उघडला होता. मग संक्रांत झाली, आणि एका सकाळी चहा यायच्या आत तुम्ही गेलात. तुम्हाला खांदा देताना मला आधार म्हणून दोघांनी धरलं होतं. लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच. पण आधार त्यासाठी लागला नव्हता.

काल पंगतीत ते "मनानं खचला" ऐकलं आणि रात्री डोळा लागला नाही. म्हणून आज सकाळी ताईकडे गेलो. ठरवून गेलो की सगळं सांगायचं. ताई ओसरीत तांदूळ निवडून राहिली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, मॅच, पेपर, गवत, खिसा, सगळं. ती खडे वेचत राहिली. माझं संपलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं.

"झालं सांगून?"

"हो."

"त्यांना माहीत होतं, दिनू."

मी विचारलं, "कधीपासून?"

"मैदानावरच कळलं होतं. पहिल्या बाणाच्या आवाजावर. घरी आल्यावर उरलेले बाण मागवले माझ्याकडून आणि एकेक ओठावर फिरवून पाहिला. म्हणे, दिनूनं काही पिसं पोट वर ठेवून निवडली."

"मग मला बोलले काहून नाही?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, सांगा ना त्याला, त्यात काय. तर म्हणे, झाडू म्हटलं होतं तेव्हा त्याला परत यायला वर्ष लागलं. आता माझ्यापाशी तेवढं वर्ष नाही."

ताईनं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "तू गवतात बसून पिसं उपटून राहिला होता, तेही ऐकलं त्यांनी. म्हणून तर सगळ्यांना थांबवून धरलं."

ताई आत गेली आणि पलंगाखालून एक गाठोडं ओढून आणलं. जुन्या धोतरात बांधलेलं. सोडलं तर आत बाण. पिसं लावलेले, कापलेले, तयार. "हात गेले म्हणे," ताई म्हणाली. "सोमवार ते शनिवार बसायचे. तुझे दोन्ही डबे ओतून घेतले आणि सगळी पिसं ओठानं परत निवडली. कोणतं पीस कोणत्या डब्यात, ते मला टाकायला लावायचे. शनिवारी संध्याकाळी म्हणायचे, उचल सगळं, उद्या दिनू येणार. सरसाचा वास राहिला तर उदबत्ती लाव."

मला आठवलं, रविवारी तुमच्या घरी उदबत्तीचा फार वास यायचा. मी ताईला एकदा म्हणालोही होतो की भाऊजी म्हातारपणी धार्मिक झाले.

त्यातला एक बाण मी घेऊन आलो आहे. हे लिहिताना तो समोर आहे. पिसं मिशीखालून फिरवून पाहिली. मला तुमच्यासारखं कळत नाही, तरी एवढं कळलं की तिन्ही एकीकडे वळतात. नवरदेव लांडोरीचाच आहे. चार महिने तुम्ही माझ्यासाठी हात गेलेला माणूस म्हणून राहिलात, सोबत्यांची कीव घेतलीत आणि मला दर रविवारी पेपर वाचू दिलात. मी वाचताना चुकीचा शब्द वाचला तर दुरुस्त करायचात, तेवढं मात्र सोडलं नाहीत. याबद्दल आभार मानायचे की तुमच्यावर चिडायचं, ते मला कळत नाही. मला फक्त लाज वाटते, भाऊजी. गवतात वाटली त्याहून जास्त वाटते. तिथे मला वाटलं होतं की मला कोणी पाहत नाही.

दिवसभर मी तुमच्याशी मनात एकच वाद घातला. म्हटलं, तुम्ही माझ्याबद्दल इतकं वाईट का समजलात? एवढा का मी हलका आहे? आजारी माणसानं चूक दाखवली म्हणून मी त्याच्याकडे येणं सोडेन? बोलून तर पाहायचं होतं एकदा.

पण खरं सांगतो. आज ताईच्या घरून बाण घेऊन निघालो, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत आलो, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? आता या घरी तोंड कसं दाखवायचं. काही महिने नकोच यायला, दसऱ्यापर्यंत सगळं निवेल. असा विचार मी पुरा केलाही होता. तेवढ्यात ताई मागून म्हणाली, "रविवारी येशील ना रे? चहा टाकून ठेवते."

म्हणजे तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं. सांगितलं असतं तर मी आलो नसतो.

येतो, म्हणालो आहे.